रॅम्प बांधण्याआधी उंची मोजा

घरात कोणाला पक्षाघात झाला, अपघातात पाय अधू झाला किंवा वयोमानाने चालणे थांबले की काही दिवसांत व्हीलचेअर येते. ती कुठे मिळते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती दारातल्या तीन पायऱ्या कशी चढणार, हा प्रश्न मात्र खुर्ची अंगणात उभी राहिल्यावरच सुचतो. मग शेजारचा मिस्त्री बोलावला जातो, तो समोरच्या पाच फूट जागेत सिमेंटचा एक तिरपा उतार काढून देतो आणि त्यावरून खुर्ची न्यायला दोन धडधाकट माणसे लागतात.

छत्तीसगडमधल्या भिलाई, दुर्ग आणि अहिवारा भागातली मराठी कुटुंबे विचारतात ते प्रश्न साधारण ठरलेले असतात. जागा कमी आहे, तरी रॅम्प होईल का? क्वार्टर कंपनीचा आहे, परवानगी कोणाची घ्यायची? दवाखान्यात, देवळात, कार्यालयात रॅम्प नसेल तर मागायचा कोणाकडे, आणि मागायचा अधिकार आहे का? या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. रॅम्पची लांबी जागेवरून ठरत नाही, ती उंचीवरून ठरते. हे एकदा पक्के केलेत की मिस्त्रीशी, सोसायटीशी आणि सरकारी कार्यालयाशी बोलणे सोपे होते.

एक इंच उंचीला एक फूट लांबी

भारतातल्या अधिकृत निकषांमध्ये व्हीलचेअरच्या रॅम्पचा जास्तीत जास्त चढ १:१२ धरला आहे. सोप्या भाषेत, एक इंच वर चढायचे असेल तर किमान एक फूट लांब उतार हवा. पायरी साधारण सहा इंचांची धरली तर हिशेब असा होतो:

- एक पायरी (६ इंच): ६ फूट
- तीन पायऱ्या (१८ इंच): १८ फूट
- पाच पायऱ्या (३० इंच): ३० फूट
- त्याहून जास्त उंची: ३० फुटांनंतर पाच फूट लांबीचा सपाट टप्पा, मग पुढचा उतार

हे आकडे ऐकून अनेकांचा धीर खचतो. पण १:१२ ही शेवटची मर्यादा आहे, आरामाचे माप नव्हे. रुग्ण स्वतःच्या हातांनी चाके फिरवणार असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा ढकलणारी पत्नीही सत्तरीची असेल, तर १:१५ किंवा १:२० घ्या. तीन पायऱ्यांसाठी १:१५ ने साडेबावीस फूट आणि १:२० ने तीस फूट लागतात. १:१२ पेक्षा उभा उतार धोक्याचा असतो. चढताना खुर्ची मागे कलंडते, उतरताना बसलेला माणूस पुढे घसरतो. तुमच्या घरी असा उभा उतार आधीच असेल तर नवा होईपर्यंत निदान एवढे करा: खाली येताना खुर्ची उलटी फिरवा, ढकलणाऱ्याने उताराच्या खालच्या बाजूला राहावे आणि पाऊल मागे टाकत सावकाश उतरावे.

उंची मोजताना पायऱ्या मोजून थांबू नका. अंगणालाही पाणी जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे रॅम्प जिथे सुरू होणार ती जागा शेवटच्या पायरीपेक्षा तीन-चार इंच खाली असू शकते. मिस्त्रीकडे पारदर्शक पाण्याची नळी असते. तिचे एक टोक दारातल्या फरशीशी आणि दुसरे रॅम्पच्या सुरुवातीच्या जागी धरायला सांगा. दोन्हीकडच्या पाण्याची रेघ जुळली की खरा फरक कळतो. चार इंच चुकले तर रॅम्प चार फूट तोकडा पडतो.

जागा पुरत नाही तेव्हा

समजा दारासमोर दहा फूट खोल आणि चाळीस फूट रुंद अंगण आहे आणि जोते दोन फूट उंच आहे. लागणार चोवीस फूट. दारातून सरळ फाटकाकडे उतरवला तर बसत नाही, आणि मिस्त्री नेमका तोच पर्याय दाखवतो. तोच रॅम्प भिंतीला समांतर काढा. दार एका कोपऱ्यात असेल तर चोवीस फूट उतार, दारापुढे पाच फुटांचा सपाट ओटा आणि खालच्या टोकाला पाच फूट सपाट जागा मिळून चौतीस फूट होतात, म्हणजे बसतो. दार मध्यभागी असेल तर बारा फूट जाऊन, सपाट टप्प्यावर वळून, बारा फूट परत या. दोन्ही पट्ट्या मिळून साडेआठ फूट रुंदी लागते. दहा फुटांत तेही होते.

एवढ्यानेही जमले नाही, तर या क्रमाने विचार करा. घराला बाजूचे किंवा मागचे दार आहे का? तिथे बोळ लांब असतो आणि जोतेही कधीकधी कमी उंच असते. अंगणच थोडे भरून वर घेता येईल का? एकच पायरी असेल तर घडीचा अॅल्युमिनियमचा रॅम्प किंवा खालून पट्ट्या मारलेली जाड मरीन प्लायची फळी पुरते. तीही सहा फूट लांबच हवी. तीन-चार फूट उंच जोत्याला आणि अगदी अरुंद प्लॉटला उभी उचलणारी छोटी लिफ्ट हा प्रामाणिक उपाय आहे. महाग आहे, विजेवर चालते, देखभाल मागते. पण उभ्या रॅम्पवर रोज जीव टांगण्यापेक्षा बरी.

पायऱ्या मात्र तोडू नका. काठी घेऊन चालणाऱ्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना लांब उतारापेक्षा कठडा असलेल्या दोन पायऱ्या सोप्या जातात. रॅम्प पायऱ्यांच्या जागी नको, शेजारी हवा.

बांधकाम: इथल्या मातीत आणि इथल्या उन्हात

दुर्ग-अहिवारा पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी कन्हार, म्हणजे काळी चिकण माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराचे जोते खोल पायावर उभे असते. रॅम्प मात्र बहुतेक वेळा वरवर माती टाकून ओतला जातो. दोन पावसाळ्यांत तो खचतो आणि दारापाशी एक-दीड इंचाची फट पडते. व्हीलचेअरची पुढची छोटी चाके नेमकी त्या फटीत अडकतात. म्हणून काळी माती निदान फूटभर खणून काढायला सांगा, मुरूम थराथराने पाणी मारून कुटा, कडेच्या भिंतींना स्वतंत्र पाया द्या आणि वर जाळी टाकून काँक्रीट करा. अठरा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच रॅम्पला साधारण चोपन्न घनफूट भराव लागतो. हे माप माहीत असले की मुरुमाच्या हिशेबात फसगत होत नाही. काँक्रीटवर आठ-दहा दिवस पाणी मारा आणि तोवर खुर्ची चढवू नका.

भिलाईत लोखंडाची कामे करणाऱ्यांची वाण नाही. पॉवर हाऊस भागाकडून नंदिनी रोडला लागलात तरी फॅब्रिकेशनची दुकाने भेटतात. भाड्याच्या घराला किंवा क्वार्टरला लोखंडी सुटा रॅम्प सोयीचा, कारण तो उचलून नेता येतो. तीन गोष्टी बजावून सांगा. माणूस, खुर्ची आणि ढकलणारा मिळून दीडशे-दोनशे किलो सहज होतात, तेव्हा तीनशे किलोचा हिशेब धरून आधार द्या. नक्षीची चेकर्ड प्लेट ओली झाली की घसरते, म्हणून तिच्यावर वाळू मिसळलेला खरबरीत रंग लावून घ्या. आणि मे महिन्याच्या दुपारी उघड्यावरच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. वर पत्र्याची किंवा जाळीची सावली करा, नाहीतर पाइपला प्लास्टिकचे आवरण चढवा.

बाकीची मापे मिस्त्रीला कागदावर लिहून द्या:

- रुंदी आतून मोकळी किमान चार फूट (१२० सेंटिमीटर)
- सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा
- दोन्ही बाजूंना कठडे, प्रत्येकी दोन पातळ्यांवर: साधारण ७६ आणि ९० सेंटिमीटर. खालचा खुर्चीतल्या माणसासाठी, वरचा चालणाऱ्यासाठी
- कठड्याला सव्वा इंची पाइप चालतो. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर असतो आणि तो मुठीत बसतो. टोके उताराच्या पुढे फूटभर न्या आणि वळवून बंद करा
- उघड्या कडेला चार इंच उंच काठ, म्हणजे चाक खाली उतरणार नाही
- पृष्ठभाग झाडूने आडवा ओढून खरबरीत केलेला

हमखास होणाऱ्या चुका

- स्कूटर चढवायच्या उतारालाच रॅम्प म्हणणे. स्कूटरला इंजिन असते, तुमच्या वडिलांच्या हातांना नाही.
- वर चकचकीत टाइल लावणे. पहिल्या पावसात ती काचेसारखी होते.
- रॅम्प थेट दाराला भिडवणे. दार बाहेर उघडत असेल तर उतारावर खुर्ची धरून दार ओढावे लागते, आणि ते एकट्याला शक्य नसते. सपाट ओटा वगळू नका.
- उतार नालीवरच्या फरशीवर किंवा रस्त्यावर संपवणे. सार्वजनिक जागेत आलेला भाग नगरपालिका अतिक्रमण म्हणून काढू शकते, आणि रस्त्यावर नवा थर पडला की सुरुवातीलाच ठेच तयार होते. रॅम्प फाटकाच्या आत संपवा.
- नालीच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या उताराच्या दिशेने लावणे. चाक त्यांत उभे रुतते. पट्ट्या आडव्या हव्यात.
- गोल वळणाचा रॅम्प. दिसायला छान, पण चारही चाके कधीच एका पातळीवर राहत नाहीत.

दाराच्या आत

रॅम्पवर पैसे खर्च करून झाल्यावर खुर्ची उंबरठ्याला अडते, किंवा न्हाणीघराच्या दोन फुटी दारात शिरत नाही. असे इतक्या घरांत घडते की काम सुरू करण्याआधी खुर्चीची रुंदी मोजून ती प्रत्येक दाराशी ताडून पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. खुर्ची साधारण दोन ते सव्वादोन फूट रुंद असते, आणि कोपरांना व हातांना वेगळी जागा लागते. दार मोकळे तीन फूट मिळाले तर उत्तम. जुन्या घरात चौकट बदलणे परवडत नसेल तर पल्ला काढून जाड पडदा लावा. दोन-तीन इंच तिथेच सुटतात. उंबरठा अर्ध्या इंचापेक्षा उंच नको. घरच्यांना तो काढायचा नसेल तर दोन्ही बाजूंना छोटे लाकडी उतार बसवा. पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर मी संडासाचे दार आणि त्यातला कठडा आधी करायला सांगेन, कारण बाहेर जाणे दिवसातून एकदा होते.

क्वार्टर, भाड्याचे घर, फ्लॅट

भिलाई इस्पात संयंत्राचा क्वार्टर कंपनीच्या मालकीचा आहे. पक्का रॅम्प स्वतःहून ओतू नका. नगर सेवा विभागाकडे लेखी अर्ज द्या, सोबत वैद्यकीय कागद आणि मापांसह साधा नकाशा जोडा. वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्याच अर्जात तळमजल्याच्या क्वार्टरची मागणी करा. उत्तर येईपर्यंत लोखंडी सुटा रॅम्प वापरा. भाड्याच्या घरातही तसेच. मालकाला सांगा की घर सोडताना तो उचलून नेऊ.

स्वतःच्या प्लॉटवर, आपल्या हद्दीच्या आत रॅम्प करायचा असेल तरी पक्के काम सुरू करण्यापूर्वी नगरपालिकेच्या अभियंत्याला नकाशा दाखवा. नवे घर बांधत असाल तर तो मूळ नकाशातच दाखवणे सर्वांत स्वस्त.

फ्लॅटमध्ये अडचण वेगळी असते. रॅम्प सामाईक जागेत येतो आणि कोणीतरी पार्किंग कमी होईल म्हणतो. सभेत तोंडी भांडण्यापेक्षा लेखी मागणी द्या: उंची, लांबी, पार्किंगची एकही जागा न जाता रॅम्प कुठून जाईल याचा नकाशा, आणि अंदाजे खर्च. सहकारी संस्थाही दिव्यांगजन अधिकार अधिनियमातल्या आस्थापनेच्या व्याख्येत येते आणि त्याच कायद्याचे कलम ३ अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करते, हे त्यात नमूद करा. संस्थेतल्या प्रत्येक ज्येष्ठाला तोच रॅम्प उद्या लागणार आहे, हेही मोकळेपणाने सांगा. बहुतेक ठिकाणी कलमापेक्षा या वाक्याने काम होते.

सार्वजनिक इमारतीत रॅम्प हा तुमचा हक्क आहे

दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी इमारत नव्हे. लोक जिथे येतात-जातात ती खाजगी इमारतही त्यात येते: शाळा, कामाची जागा, दुकाने, दवाखाना, देऊळ, नाट्यगृह, बसस्थानक. तुम्हाला उपयोगी पडतील अशी कलमे ही:

- कलम १६: सरकारी मदतीच्या किंवा मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांची इमारत आणि आवार सुगम असले पाहिजे.
- कलम २५: सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता आले पाहिजे.
- कलम ४४: सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेला बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही.
- कलम ४५: जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ चे आहेत, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.
- कलम ८९: उल्लंघनाला पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणे कायद्याला धरून नाही. किमान निकष सक्तीचे करणारे नियम केंद्राने तीन महिन्यांत करावेत, असा आदेशही दिला. कार्यालयातला कोणी ‘हे तर फक्त मार्गदर्शक तत्त्व आहे’ म्हणाला तर या निकालाचा उल्लेख करा.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही म्हणून गप्प बसू नका. चाळीस टक्क्यांची अट आरक्षण आणि काही योजनांसाठी आहे. इमारतीत शिरण्यासाठी नाही. प्रमाणपत्र असेल तर प्रत जोडा, एवढेच.

देवळाचे विश्वस्त ‘जुने बांधकाम आहे, हात लावता येत नाही’ असे सांगतात. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनारसारख्या वास्तूंमध्ये तात्पुरते लाकडी रॅम्प बसवले गेले होते. दगडाला धक्का न लावता हे करता येते. गणेशोत्सवाच्या मंडपाला तर सबबच नाही. मंच बांधणाराच कंत्राटदार त्याच फळ्यांचा रॅम्प करून देतो, फक्त लांबी तुम्ही सांगायला हवी.

तक्रार कशी करावी

पहिला अर्ज त्या इमारतीच्या प्रमुखालाच द्या. छत्तीसगडमधल्या कार्यालयांत हिंदीत लिहिलेला अर्ज लवकर पुढे सरकतो. मजकूर छोटा ठेवा: कोणती इमारत, कोणत्या दारात किती पायऱ्या, कोणत्या तारखेला कोणाला आत जाता आले नाही, कलम ४५ आणि कोणत्या जागी किती फुटांचा रॅम्प बसतो. पायऱ्यांशेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सरकारी कार्यालयात कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याचे नाव विचारा. अहिवाऱ्यात नगरपालिकेच्या इमारतींसाठी मुख्य नगरपालिका अधिकारी. शाळा, आरोग्य केंद्र यांच्यासाठी त्या-त्या विभागाचे दुर्गचे जिल्हा कार्यालय आणि जोडीला समाज कल्याण विभाग. कलेक्टरांच्या जनदर्शनात अर्ज दिला की त्याला क्रमांक पडतो आणि पाठपुरावा सोपा होतो. त्यानेही हलले नाही तर रायपूरला दिव्यांगजन आयुक्तांकडे जा. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि वकील लावणे गरजेचे नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी हे कार्यालय पुण्याला आहे.

इमारत नवी असेल तर माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशाची आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत मागा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. नकाशात रॅम्प दाखवलेला आणि जागेवर नसेल, तर तुमची तक्रार अर्धी जिंकलेली आहे.

अनेकदा उत्तर येते, ‘रॅम्प उपलब्ध आहे.’ ते वाचून थांबू नका. पाण्याची नळी आणि मोजपट्टी घेऊन जा, शक्य असेल तर खुर्चीसह. उंची इंचांत मोजा, लांबी फुटांत. वीस इंच उंचीला आठ फुटांचा उतार निघाला, कठडा नसला किंवा वरच्या टोकाला कुलूपबंद दार असले, तर जे आढळेल ते आकड्यांसह आणि फोटोंसह त्याच अर्जाच्या क्रमांकावर लिहून कळवा आणि वीस फुटांचा रॅम्प मागा.